सुरणाचा फेरफार

आमच्या परसात गेल्या वर्षी जे उगवलं, त्याची माझ्या वहीतली पहिली नोंद अशी आहे : "१७ जून. नारळ क्र. २ पासून दक्षिणेस ४ फूट ३ इंच. कोंब एक. उंची ५ इंच. सुरण."

यातला शेवटचा शब्द सोडला तर बाकी सगळं बरोबर होतं.

मी चौतीस वर्षं भूकरमापक होतो. लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दी कायम करून दिल्या, भावाभावांमधले बांध सरळ केले आणि त्यापायी दोन्ही भावांच्या शिव्या खाल्ल्या. आता पेणला साडेतीन गुंठ्यांत घर आहे आणि मोजायला काही उरलेलं नाही. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून बागेची वही ठेवतो. कुठल्या झाडाला किती नारळ, पपईचं खोड महिन्यात किती जाड झालं, असलं. आमची ही म्हणते, "तुम्हाला पेन्शन मिळते, पण साखळी काही हातातून सुटत नाही." (साखळी म्हणजे तेहतीस फुटी. तेहतीस गुणिले तेहतीस, १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. हे नातवाला तीनदा सांगून झालंय.)

मे महिन्यात नारळांच्या आळ्यांत माती टाकायची होती. एका ट्रॅक्टरवाल्याने पूर्वेकडच्या डोंगरउतारावरून एक ट्रॉली तांबडी माती आणून दिली. तिकडे कुणाचं तरी जोत्याचं खोदकाम चालू होतं. माती चांगली होती, भुसभुशीत, मधे मधे मुळ्या आणि दगडगोटे. पसरली. पाऊस लागला आणि आठवड्याभरात कोंब वर आला.

वाढ बघण्यासारखी होती. १७ जूनला ५ इंच. २० जूनला १४ इंच. मिटलेली छत्री उभी करून ठेवावी तसा दिसायचा. २६ तारखेला छत्री उघडली. एकच पान, पण पान तरी कसलं? देठ सरळ २ फूट १ इंच वर गेलेला, तिथे त्याच्या तीन फांद्या झालेल्या, प्रत्येक फांदीला परत फाटे आणि फाट्यांना कातरल्यासारखी पाती. घेर २ फूट ५ इंच. हिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघूनच निकाल दिला : सुरण. हिचं माहेर अलिबागकडचं, त्यांच्या वाडीत सुरण असायचा, त्यामुळे अपिलाला जागा नव्हती. मीही वहीत तेच लिहून ठेवलं होतं. मोबाईलला पानाचा फोटो दाखवला, त्यानेही सुरणच सांगितलं.

फक्त मेव्हण्याला ते मान्य नव्हतं. रविवारी जेवायला आला आणि आळ्यात वाकून म्हणाला, "हे शेवळं आहे." मेव्हण्याला पावसाळ्यात जमिनीतून येणारी प्रत्येक गोष्ट शेवळं वाटते, कारण त्याला शेवळं आवडतात. त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. शेवळं आणि सुरण एकाच घरातली भावंडं, पानंही सारखी. पण शेवळाचं आपण खातो ते पान नव्हे, ते न उमललेलं फूल. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून नुसता दांडा येतो, पानाचा पत्ता नसतो, आणि कातकरणी त्याच्या जुड्या बाजारात घेऊन बसतात. सोबत काकडं विकतात, आवळ्यासारखी छोटी हिरवी आंबट फळं, ती घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही. सुरण, अळू, शेवळं, या सगळ्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. आंबट त्यासाठीच घालायचं. आमच्या आईला ऑक्झलेट माहीत नव्हतं, पण अळूत चिंच घालायला ती कधी विसरली नाही.

मेव्हणा तिथेच थांबला असता तर बरं होतं. पुढे म्हणाला, "शेवळं नाही तर सुरण. सुरणाच्या कोवळ्या देठांची भाजी झकास होते. काप." मी साफ नाही म्हटलं. यात शहाणपण काही नव्हतं. एकच पान होतं आणि माझी नोंदींची मालिका तुटली असती. आज मागे वळून बघताना त्या वहीचे उपकार वाटतात.

पहिली शंका ११ जुलैला आली, जेव्हा बाजूनेच दुसरा कोंब निघाला आणि दुसरं पान उघडलं. सुरणाला साधारण एक पान. क्वचित दोनही येतात म्हणे, म्हणून मी शंका गिळली. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शेकडो वेळा बघितलीय. एकदा सातबाऱ्यावर नाव चढलं की समोरची जमीन काहीही ओरडून सांगत असली तरी माणूस कागदच बघतो. माझ्या वहीत सुरण चढलेला होता. रोज टेप लावत होतो, घेर घेत होतो, आणि देठाला एकदाही नीट बोट लावून बघितलं नव्हतं.

२४ जुलैला दोन पानांच्या मधून एक काठी निघाली. पान नव्हतं ते. १ फूट २ इंच. सरळ, बारीक, टोकाला गुंडाळी. ३१ तारखेला ती ३ फूट १० इंच झाली, पानांच्या वर डोकं काढून उभी राहिली आणि टोकाची गुंडाळी सुटली.

आता हे कसं सांगू? वर चार-पाच हिरवी, जांभळट शिरांची पाती, छपरासारखी. त्यांच्याखाली माना खाली घातलेल्या हिरव्या-जांभळ्या कळ्यांचा झुबका, एकेक कळी करवंदाएवढी. आणि त्या झुबक्यातून चहूबाजूंनी खाली लोंबणारे दोरे. मिशाच म्हणा. एखाद्या म्हाताऱ्या मांजराच्या असतात तशा, पण वीतभर लांब. मी मोजले. तेवीस. सगळ्यात लांब ८ इंच. वाऱ्याने हलायचे तेव्हा हिला संध्याकाळी तिकडे जायला नको वाटायचं. शेजारच्या वहिनींनी कुंपणावरून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही मुद्दाम लावलंय का हे?" त्या सुरात बरंच काही होतं.

सुरणाचं फूल मी आयुष्यात एकदा पाहिलंय आणि ते विसरणं शक्य नाही. रोह्याकडे एका पोटहिस्सा मोजणीला गेलो होतो, मे महिना, वाडीत शिरताच मेलेल्या उंदराचा वास. सगळे उंदीर शोधायला लागले. शेवटी घरमालकाने गवताआड दाखवलं : कोबीच्या गड्ड्याएवढं, काळपट जांभळं, सुरकुतलेलं, जमिनीला टेकून बसलेलं. तेच वास मारत होतं. कुजकं समजून माश्या-भुंगे यावेत आणि परागाची ने-आण व्हावी, ही त्याची युक्ती. इथे वास काहीच नव्हता. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ नाक लावून हुंगलं. वहीत सहा वेळा "वास : नाही" असं लिहिलेलं आहे.

मोबाईलला आता फुलाचा फोटो दाखवला तर त्याने सुरणाचं नाव टाकून दिलं आणि चीन-थायलंडकडचं काळं वटवाघूळ-फूल सांगितलं. तिथल्या फोटोत फूल कोळशासारखं काळं आणि पान साधं, केळीच्या पिल्लासारखं. आमचं पान कातरलेलं. म्हणजे आडनाव कदाचित बरोबर, पण माणूस वेगळा.

त्या आठवड्यात बाजारात गेलो तेव्हा नेहमीच्या मावशीकडे टाकळा, कुलू, कंटोली होती. कातकरी वाडीवरून येते ती, रानातलं काहीही विचारा. मी तिला मोबाईलवर पानाचा फोटो दाखवला आणि विचारलं, "हा सुरण ना?" तिने नुसतं पान बघून "व्हय" म्हटलं. मग मी पुढचा फोटो काढला. तिने मोबाईल हातात घेतला, जवळ नेला, लांब नेला.

"हे फूल याच झाडाचं?"

"याचंच."

"पान असताना आलंय?"

"हो."

"मग सुरण नाय, दादा. सुरणाला फूल येतं तवा पान नसतं, पान येतं तवा फूल नसतं. दोघं एका वेळी घरात नसत्यात." आणि कंटोली तोलता तोलता वर म्हणाली, "आमी नाय खात हे. तुमी बी खाऊ नका."

एवढा साधा नियम. शेवळासंबंधी मेव्हण्याला मीच तो ऐकवला होता, आधी फूल आणि मग पान. आणि स्वतःच्या आळ्यात दोन्ही एका वेळी उभी असताना मला तो आठवला नव्हता.

मग पुतणीला फोन केला. ती वनस्पतिशास्त्र शिकलीय, आता पुण्यात असते. तिने फोटो मागवले, पण फुलाचे नाहीत. "काका, फुलाचं राहू दे. देठ दाखव. शेजारी पट्टी ठेव. आणि देठावरून बोट फिरवून सांग, खरखरीत लागतो का." फिरवलं. गुळगुळीत होता, पण सपाट नव्हता, वरपासून खालपर्यंत बारीक उभ्या रेघा, कॉर्डुरॉयच्या पँटसारख्या. सुरणाच्या देठावर पांढुरके डाग आणि बारीक पुळ्या असतात, हात लावला की खरखर लागते. मग म्हणाली, एखादं मोडलेलं पान असेल तर देठ आडवा काप. वाऱ्याने एक पाती लोळली होती, तिच्याकडचा तुकडा कापला. आत पोकळ.

तिने रात्री नाव पाठवलं. मराठीत देवकांदा. शास्त्रीय नाव टॅक्का लिओन्टोपेटॅलॉइडिस, जे मी वहीत उतरवून घेतलं आणि अजून एका श्वासात म्हणता येत नाही. कोकणात, मुंबईच्या डोंगरांतही पावसाळ्यात उगवणारं, आपल्याकडचंच झाड. कुणी विमानाने आणलेलं नाही.

वहीत मी रीतसर फेरफार घातला. गाव नमुना सहाला असतो तसा : अनुक्रमांक, जुनं नाव सुरण, नवं नाव देवकांदा, कारण : पान असताना फूल, देठ रेघांचा व पोकळ, वास नाही. प्रमाणित करणार : पुतणी. साक्षीदार : बाजारातली मावशी.

मग पुतणीने सांगितलं की या झाडाच्या नावावर माझ्याआधीच बरेच फेरफार पडलेले आहेत, आणि माझा जीव भांड्यात पडला. झाडांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत घालून देणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये याची नोंद केली ती दारुहळदीच्या कुळात, लिओन्टिस नावाच्या भलत्याच खात्यावर. त्या खात्यातल्या एका झाडासारखी पानं दिसली म्हणून. म्हणजे पान बघून फसलेला मी एकटा नाही, ओळीत लिनियस माझ्या पुढे उभा आहे. पुढे कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवर फॉर्स्टर नावाचे बापलेक गेले होते, त्यांनी पॅसिफिकच्या बेटांवर ते पाहिलं आणि वेगळं खातं उघडलं, टॅक्का, मलय भाषेतल्या नावावरून. नाव ठेवलं टॅक्का पिनॅटिफिडा. १८९१ मध्ये कुन्त्झे नावाच्या जर्मन माणसाने लिनियसचं जुनं अर्धं आणि फॉर्स्टरांचं नवं अर्धं जोडून आजचं नाव केलं. पुष्कळ दिवस त्याचं स्वतंत्र कुळ होतं. अलीकडे डीएनए तपासून ते कुळ मोडलं आणि कोनफळ-करांद्यांच्या कुळात घातलं. तर ज्याला आम्ही सुरणाचा भाऊ समजत होतो, तो निघाला कोनफळाचा चुलत.

(आणखी एक कुक आहेत, थिओडोर. मुंबई इलाख्यातल्या झाडांची मोठी नोंद त्यांनी केली, १९०१ ते १९०८ मध्ये ती छापली गेली. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर, रेल्वेत काम केलेले, पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. मोजमापवाल्या माणसाने उतारवयात झाडांच्या मागे लागण्याची परंपरा आहे, असं मी हिला ऐकवलं. हिने "ते प्राचार्य होते" एवढंच म्हटलं.)

मिशांचं काय, हे मी विचारलंच. पुतणी म्हणाली, पूर्वी अंदाज असा की काळपट रंग आणि लोंबते दोरे माश्यांना भुलवण्यासाठी. पण याच्याच त्या काळ्या भावंडाचा चीनमधल्या युन्नानमध्ये अभ्यास झाला तेव्हा बहुतेक बिया स्वतःच्याच परागातून धरलेल्या निघाल्या. इतका थाटमाट आणि पाहुण्यांची वाट मात्र नाही.

आणि कंद? पॅसिफिकच्या बेटांवर लोकांनी होड्यांतून हा कंद नेला, बेटाबेटांवर लावला. कच्चा कंद कडू जहर. किसायचा, पाण्यात कालवायचा, निवळ बसू द्यायची, पाणी ओतायचं, पुन्हा पाणी, पुन्हा निवळ, आणि खाली राहिलेला पांढरा साका वाळवायचा. आपण तवकीर करतो तशीच गत. हवाईत याला पिया म्हणतात आणि नारळाच्या दुधात शिजवून त्याच्या वड्या करायचे, हाउपिया. हल्ली तिथेही मक्याचं पीठ वापरतात. नारळाचं दूध आणि तवकीर म्हटल्यावर हिचे कान टवकारले.

आता जे सांगायचंय ते थोडं अवघड आहे. ऑगस्टच्या उघडिपीत ट्रॅक्टरवाल्याला घेऊन माती आणली ती जागा बघायला गेलो. मातीला चतुःसीमा असते, ती पाहिल्याशिवाय मला चैन पडेना. जोतं पूर्ण झालं होतं, शेजारी आणखी दोन प्लॉटांचं सपाटीकरण झालेलं. पण वरच्या अंगाला उतार शिल्लक होता, आणि त्यावर सागाच्या सावलीत देवकांदाच देवकांदा. मी एका पट्ट्यात चाळीसपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. काहींना फळं धरली होती, लहान, कोनदार, आकाशकंदिलासारखी लोंबती.

तो उतार मला ओळखीचा होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी मीच तो मोजलेला. प्लेन टेबल लावून चार दिवस त्यावर उन्हात फिरलो होतो, कुठे दगड रोवला तेही आठवलं. आणि एकही देवकांदा पाहिल्याचं आठवेना. घरी येऊन जुनी डायरी काढली तर मोजणी फेब्रुवारीतली. आमचं शेतावरचं काम पावसाळा संपला की सुरू व्हायचं आणि पाऊस आला की बंद. पावसात आम्ही कचेरीत बसून नकाशे करायचो. आणि हे झाड जूनला वर येतं, नोव्हेंबरला जमिनीत जातं. चौतीस वर्षं आम्ही दोघे एकाच जमिनीवर आळीपाळीने राहत होतो. नकाशावर मी तो उतार "पड, खडकाळ" म्हणून दाखवला होता. नुसत्या पानांच्या छत्र्यांनी झाकलेला तो पट्टा. पड!

ऑक्टोबरात आमच्या झाडाची फळं पिवळी पडली. आत पुष्कळ बिया, रेघारेघांच्या. थोड्या ठेवल्या, थोड्या पुतणीला, आणि उरलेल्या घेऊन परत त्या डोंगरावर गेलो. वनखात्याच्या हद्दीचा दगड कुठे आहे हे मला माहीत आहे, त्याच्या आतल्या बाजूला टाकल्या. बाहेरच्या बाजूचं काही सांगता येत नाही.

पानं दिवाळीनंतर आठवड्यात पिवळी होऊन लोळली. २१ नोव्हेंबरला उकरून पाहिलं. जुना कंद चिपाड झालेला, शेजारी दोन नवे : एक बटाट्यासारखा, २१० ग्रॅम, दुसरा लिंबाएवढा, ४० ग्रॅम. पातळ तपकिरी साल. नखाने खरवडलं तर आत पांढराशुभ्र. सुरणाच्या गड्ड्याला मधे असतो तसा खळगा नाही. मेव्हणा उभा होता. म्हणाला, "लहान जातीचा सुरण दिसतोय." वहीत त्याची हरकत नोंदवून फेटाळली आहे.

दोन्ही कंद परत त्याच जागी पुरले, ४ फूट ३ इंचांवर, आणि खुंटी ठोकली. तिला हिने जुन्या साडीची लाल चिंधी बांधली, मोजणीच्या निशाणासारखी, म्हणजे उन्हाळ्यात कुणी तिथे कुदळ मारणार नाही. चिंधीची गाठ आवळताना म्हणाली, "दोनाचे वीस होऊ देत. मग बघू ती तुमची नारळाची वडी."